मामांची वही

निवृत्त माणसाला काहीतरी छंद हवा, असं जे डॉक्टर लोक सांगत सुटतात, त्यांना त्या माणसाच्या घरात राहावं लागत नाही. कुणी बाग करतो, कुणी होमिओपॅथीची पेटी आणतो, कुणी संपादकांना पत्रं लिहितो. यात आजूबाजूच्यांना थोडाफार त्रास होतो. पण निदान घरात चालायला वाट राहते. आमच्या थोरल्या मामांनी हातमाग आणला.

मामा कनेरगाव नाक्याला राहतात. हिंगोली-वाशीम रस्त्यावरचं हे गाव. इकडे मराठवाडा, पलीकडे वऱ्हाड. निजामाचं राज्य होतं तेव्हा अशा हद्दीवरच्या गावांतून करोडगिरीचे नाके असत आणि इकडचा माल तिकडे न्यायचा तर दाम मोजावे लागत. मामांच्या घराण्यानं एकाच ओसरीवर बसून १९४८ साली हैदराबाद संस्थानातून सुटका, १९५६ साली मुंबई राज्य, १९६० साली महाराष्ट्र आणि १९९९ साली परभणीऐवजी हिंगोली जिल्हा, असा बराच प्रवास केलेला आहे. त्या ओसरीनं राज्यं येताना-जाताना पाहिली. पण तिच्यावर माग येऊन बसेल असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

याचं मूळ एका भाषणात आहे. ७ ऑगस्टला आपल्याकडे २०१५ सालापासून राष्ट्रीय हातमाग दिन पाळतात. १९०५ साली त्या दिवशी कलकत्त्यात स्वदेशीची चळवळ सुरू झाली म्हणून. त्या निमित्तानं गावच्या शाळेनं मामांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. मामा पस्तीस वर्षं गणिताचे मास्तर. बोलायला उभे राहिले की सिद्ध करूनच खाली बसायचं ही सवय. त्यांनी सिद्ध असं केलं, की ज्या मुलखात कापूस पिकतो त्या मुलखानं दुसऱ्याचं कापड नेसणं ही शुद्ध बेरजेची चूक आहे. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि खाऊ घेऊन ती घरी गेली. एकट्या मामांना ते भाषण पटलं.

त्यातच मार्गशीर्षात त्यांच्या नातीचं लग्न ठरलं. अंतरपाट बाजारात तयार मिळतो. झालरीचा, चमचमत्या स्वस्तिकाचा, पॉलिएस्टरचा. मामा म्हणाले, "पॉलिएस्टरच्या आडोशाला माझी नात उभी राहणार नाही. अंतरपाट मी विणणार." आणि हे त्यांनी घरात न म्हणता बसस्टँडवर म्हटलं, त्यामुळे मागे घेता येईना.

वास्तविक आमच्या जिल्ह्याला हे काम नेमून दिलेलं नाही. हिंगोलीजवळचं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानतात. नामदेव महाराज शिंपी. विणकर संत म्हणजे कबीर, आणि ते पार काशीला. कापड बाहेरून येणार आणि आपण ते फक्त बेतणार, ही व्यवस्था इकडे सातशे वर्षांपूर्वीच ठरलेली दिसते. मामांनी ती मोडायला घेतली.

माग आला तो एका बंद पडलेल्या केंद्रातून, टेंपोत, सुटा. टेंपोवाला मामांचाच विद्यार्थी निघाला, त्यामुळे त्यानं भाडं घेतलं नाही आणि घाबरून लाकडं मोजलीही नाहीत. मागाबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं. त्यात माग कसा जोडावा, ताणा कसा लावावा, सगळं आकृत्यांसह होतं. फक्त शेवटचं प्रकरण कुणीतरी फाडून नेलं होतं. अनुक्रमणिकेत त्याचं नाव होतं, 'चुका व त्यांची दुरुस्ती'. मामा म्हणाले, "नसलं तर नसलं. आपण चुका करणारच नाही."

मला बोलावणं आलं ते ताणा धरायला. मी गेलो तोवर घरात नवी भाषा सुरू झाली होती. लांबीचे दोरे म्हणजे ताणा, आडवा जाणारा तो बाणा. बाण्याचा दोरा गुंडाळलेली नळी म्हणजे कांडी. ती ज्यात बसते तो धोटा. १७३३ साली जॉन के नावाच्या इंग्रजानं दोरीच्या झटक्यानं पळणारा धोटा काढला, त्याआधी तो या हातातून त्या हातात फेकावा लागे, हे मामांनी मामींना पोळ्या लाटताना सांगितलं. मामी म्हणाल्या, "मग त्याला बोलवा की."

खरी गंमत वही आणि फणी या दोन शब्दांची. ताण्याची प्रत्येक तार आधी वहीतून जाते आणि मग फणीतून. वही म्हणजे दोऱ्याच्या फासांची एक चौकट. प्रत्येक फासाला मधे डोळा, त्या डोळ्यात एक तार. साध्या कापडाला अशा दोन वह्या. पहिली तार पुढच्या वहीत, दुसरी मागच्या, तिसरी पुन्हा पुढच्या. पायाखालची एक पट्टी दाबली की एक वही वर जाते आणि दुसरी खाली. तारांचं तोंड उघडतं आणि त्यातून धोटा जातो. फणीचं काम तारा सारख्या अंतरावर ठेवायचं आणि प्रत्येक बाणा ठोकून बसवायचं. इचलकरंजीत १९०४ सालापासून यंत्रमाग आहेत; तिथे वहीफणी हा स्वतंत्र धंदाच आहे आणि बीमला लोक सरळ भीम म्हणतात. मामा फोनवर सुतवाल्याशी "वहीफणी झाली, भीम भरलाय" असं बोलत असताना मामींची समजूत झाली, की यांनी आता मुलींची शिकवणी आणि महाभारत असं दोन्ही सुरू केलं.

सुताचं गणित मात्र मामांना मनापासून आवडलं. एका पौंडात आठशे चाळीस वारांच्या जितक्या गुंड्या बसतात तितका सुताचा नंबर. दहा नंबरी सूत दुपदरी केलं की पौंडाला पाच गुंड्या. इंचाला चोवीस तारा, पन्हा तीस इंच, म्हणजे ७२० तारा. ताणा पाच मीटर. मामांनी हे सगळं पाटीवर मांडलं, उत्तर काढलं, ताळा केला, आणि ताण्याचं सूत बरोब्बर तेवढंच आणलं. एक वार जास्त नाही. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

सातशे वीस तारा वहीतून आणि त्याच सातशे वीस फणीतून, म्हणजे दोरा चौदाशे चाळीस वेळा ओवायचा. शर्टाचं बटण लावताना सुईत दोरा घालायला मामींना हाक मारणारा हा माणूस नऊ दिवस मागापुढे वाकून बसला होता. जेवायला उठवलं तर "तीनशे बारा" म्हणायचा. वाकलेल्या पाठीला मामी रात्री तेल लावत आणि मामा झोपेत मोजत.

दहाव्या दिवशी उद्घाटन झालं. अर्धं गाव मामांचं विद्यार्थी, आणि उरलेलं अर्धं विद्यार्थ्यांचे आईबाप. ओसरीवर जागा उरली नाही. मामांनी नारळ फोडला, मागावर बसले, पट्टी दाबली. तारांचं तोंड उघडलं, पण कवळी अडकल्यासारखं. धोटा आत गेला, मधे थबकला आणि तारांतून खाली पोस्टमनच्या पायावर पडला. मामांनी तो उचलून पुन्हा टाकला. कसंबसं वीतभर कापड झालं, आणि पुढे बसलेले शेतकरी मान वाकडी करून ते पाहू लागले. शेतकऱ्यांना रेघा कळतात.

एकजण म्हणाला, "गुरुजी, पेरताना एक नळी बुजली व्हती का हो?"

कापडात उजव्या अंगाला एक उभी फट सरळ गेली होती. तिफणीची नळी तुंबली की रानात एक तास जसं रिकामं जातं, तशीच. दुसरा म्हणाला, "आन् हितं दोनदा पेरलंय बगा." डाव्या काठापाशी दोन तारा एकमेकींना चिकटून चालल्या होत्या. मग सगळ्यांनाच काही ना काही दिसायला लागलं. पस्तीस वर्षांत या मंडळींना गुरुजींच्या कामात चूक काढायची संधी मिळाली नव्हती. ती त्यांनी अगदी आदरानं, हात जोडून जोडून साधली.

मामा काही बोलले नाहीत. शाळेत त्यांचा एक नियम होता. गणितात कुठेही चूक झाली की पोरानं ती पायरी दुरुस्त करायची नाही. संपूर्ण गणितावर काट मारायची आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायचं. आम्ही भाचे असून आम्हालाही त्यातून सूट नव्हती. लोक पांगल्यावर मामा घरात गेले आणि कात्री घेऊन आले. मामी म्हणाल्या, "अहो, सूत संपलंय. लग्न अकरा दिवसांवर आलंय." मामा म्हणाले, "चुकलेलं पान ठेवायचं नसतं."

"कात्री खाली ठिवा, गुरुजी."

ओसरीच्या टोकाला एक म्हातारी अजून बसलेली होती. गावातली मावशी. वय ऐंशीच्या पुढे-मागे. तिला विचारलं तर 'रजाकाराच्या वक्ताला मी पाळण्यात' एवढंच सांगते. तिच्या सासरी पिढ्यान् पिढ्या माग होता हे गावातल्या जुन्यांना माहीत. नव्यांना ती शेंगा फोडणारी म्हातारी.

"चूक सातशे तारांत हाय का?" तिनं विचारलं. "चार-पाच तारांत असंल. तेवढ्यासाठी समद्यांचा गळा कामून कापायलात?"

तिनं मामींकडून एक जुनं लुगडं मागून घेतलं, त्याच्या चिंध्या फाडल्या आणि बाणा म्हणून त्याच घालत चार बोटं विणलं. जाड रंगीत चिंधीत पांढऱ्या तारांची लबाडी लपत नाही. विणता विणता ती थांबायची, लाल दोऱ्याचा तुकडा घ्यायची आणि एखाद्या तारेला बांधायची. एक, दोन, तीन. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल शाई फिरवणारे मामा शेजारी उभे राहून स्वतःच्या वहीवर लाल खुणा पडताना बघत होते. पाचवी खूण झाल्यावर मावशी म्हणाली, "झालं. पास व्हाल."

पहिली खूण तारांचं तोंड जिथे अडकत होतं तिथली. मामांना तीन दिवस पायपट्टीचा संशय होता. त्यांनी तिला तेल पाजलं, तिच्याखाली लाकडी पाचर ठोकली, टेंपोवाल्याचा उद्धार केला. दोष एवढाच होता, की वही आणि फणी यांच्यामधे एक तार शेजारच्या तिघींना ओलांडून पलीकडच्या घरात शिरली होती. मावशीनं त्या तारा फणीतून काढल्या आणि ज्या त्या आपापल्या घरी धाडल्या. चहा गाळेपर्यंत काम आटोपलं.

फट काढायला वेळ लागला. फणीच्या दर घरात दोन तारा हव्यात. उजव्या काठापासून एकोणचाळिसावं घर मामांच्या हातून रिकामं राहिलं होतं. मामांनी लगेच डाव्या टोकाला पाट ठेवला. सुरुवात सुरुवातीपासून करायची हा बाणा. मावशी म्हणाली, "जवळचा काठ कोणता?" मामा म्हणाले, "उजवा." "मग तिकडून लांब कामून जायलात? फटीपासून उजव्या काठापोवतर काढायच्या आन् एकेक घर सरकवायच्या." अडतीस घरं, शहात्तर तारा. मामा हिशेब करून गप्प झाले. आकडा ऐकला की त्यांचा राग उतरतो. शहात्तर तारा आम्ही दोघांनी ओवल्या, मी मागून देत होतो आणि मामा फणीतून ओढत होते. चूक अगदी मधोमध झाली असती तर निम्मा ताणा सरकवावा लागला असता. त्या मानानं मामांचं नशीब काठाशी होतं.

तिसऱ्या खुणेपाशी मात्र वाद झाला. मावशी म्हणाली, हितं एक तार कमी हाय. मामा म्हणाले, शक्य नाही, मी सातशे वीस मोजल्यात. मावशी म्हणाली, तुमच्या सातशेएकोणीस हायेत. तिनं मोजल्या नव्हत्या. नुसती बोटं फिरवली होती. मामांनी त्या रात्री पाटावर बसून, टॉर्च लावून, सगळ्या तारा मोजल्या. मग दुसऱ्यांदा मोजल्या. सकाळी मावशी आली तेव्हा त्यांनी तिला स्वतः पाट दिला, एवढंच मी सांगतो.

एक तार कमी, म्हणजे वहीत तिचा फासही नाही. मी समजलो, आता तरी सगळं उकलणार. मावशीनं पक्का दोरा घेतला, वहीच्या खालच्या दांडीला अडकवला, शेजारच्या डोळ्यांच्या उंचीला दोन गाठी मारून मधे डोळा केला आणि वरच्या दांडीला बांधून टाकला. नवा फास तयार. बाण्याच्या सुतातली एक तार त्यातून घेतली, फणीच्या घरात घातली, आणि मागचं टोक तसंच मागाच्या मागे लोंबतं सोडलं. त्याला वजन म्हणून मामांच्या अंगणातल्या जुन्या नांगराचा नट बांधला. कापड पुढे सरकेल तसा नट वर चढायचा, मग थोडं सूत सोडून तो खाली आणायचा. पुढचे आठ दिवस सकाळ-संध्याकाळ नटाची उंची बघणं हे घरातलं मुख्य काम झालं. मामी कुकरच्या शिट्ट्या मोजताना नट पाहत आणि नट पाहताना शिट्ट्या विसरत.

फास बांधताना मावशी बोलत होती. ती आणि तिचा नवरा मिळून लुगडी विणायची. घरात खड्डामाग होता. विणणाऱ्यानं खड्ड्यात पाय सोडून बसायचं. पुढे गिरणीचं आणि यंत्रमागाचं कापड आठवडी बाजारात आलं, सूत महाग झालं, नवरा रोजगार हमीवर खडी फोडायला गेला आणि तिथेच आजारी पडला. माग जळणात गेला. "खड्डा बुजवला," ती म्हणाली. "त्याच्यावर आता सुनंचा फ्रीज हाय."

"आणि मुलगा?" मी विचारलं.

"भिवंडीला मागावर लागला. साळंत व्हता की, गुरुजींच्याच." तिनं गाठ दातानं आवळली. "दोन डाव सातवीला बसला. गणितात. हातचा इसरायचा, तेवढंच. मग कट्टाळला."

तिनं ते तक्रार म्हणून सांगितलं नाही. पाऊस कमी पडला हे जसं सांगतात तसं सांगितलं. ओसरीवर थोडा वेळ नुसता रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज येत राहिला. मामांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. नंतर त्यांनी मुलाचं नाव विचारलं. मावशीनं सांगितलं. मामा म्हणाले, "अक्षर चांगलं होतं त्याचं." मावशी म्हणाली, "व्हय."

चौथी भानगड ढिल्या तारांची. ताणा भीमावर गुंडाळताना थर एकमेकांत रुतू नयेत म्हणून मधे कागद घालायचे असतात. मामांनी वर्तमानपत्रं घातली. पण डाव्या बाजूची पुरवणी संपली तिथून त्या बाजूला काहीच नाही. परिणामी डावीकडचा वीतभर ताणा सैल, पावसाळ्यातल्या वाळत घातलेल्या दोरीसारखा. मी मनातल्या मनात पाच मीटर उलगडून ठेवले. मावशीनं छपरावर रचलेल्या तुराट्यांतून चार सरळ तुराट्या ओढल्या, सोलून गुळगुळीत केल्या आणि भीमाजवळ नेमक्या ढिल्या तारांखाली सरकवल्या. तारा ताठ झाल्या. तूर हे पीक डाळीशिवाय इतक्या कामाचं आहे हे मामांना साठ वर्षं माहीत नव्हतं.

पाचवी खूण डाव्या काठाजवळची, ते 'दोनदा पेरलेलं'. शेजारच्या दोन तारा एकाच वहीत गेल्या होत्या. मामा आता सरावले होते. त्यांनी पक्का दोरा घेतला, नट शोधला. मावशी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या."

"राहू द्या? चूक दिसतेय ना."

"काठाला हाय. एकदा धुतलं की सूत फुगतं. मग मला हुडकायला लावली तर मला बी घावणार नाही. दिवस किती उरलेत ते बगा."

पस्तीस वर्षांत मामांनी समोर दिसणारी चूक लाल न करता सोडली नव्हती. ते मागाभोवती दोन फेऱ्या मारून आले. नंतर त्यांनी स्वतःच्या हातानं तो पाचवा लाल दोरा सोडवला आणि खिशात ठेवला. मामी म्हणाल्या, लग्नाला होकार देतानासुद्धा त्यांनी एवढा विचार केला नव्हता.

विणायला सहा दिवस लागले. आधी मामा विणायचे आणि मावशी बघायची. तिसऱ्या दिवसापासून मावशी विणायची आणि मामा कांड्या भरायचे. तिच्या बाण्याचा ठोका एकसारखा पडायचा. रस्त्यानं एस.टी.साठी थांबलेली माणसं तो ऐकून ओसरीत डोकावायची, म्हातारीला मागावर बघून आत यायची आणि त्यांची एस.टी. निघून जायची. लग्नाच्या आधी तीन दिवस अंतरपाट मागावरून उतरला. धुतला, वाळवला, मामींनी त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. काठाची चूक खरोखरच सापडेना. मामांना मात्र सापडायची, कारण त्यांना जागा पाठ होती.

लग्न वाशीमला झालं. मंगलाष्टकं चालू असताना मांडवातले लोक अक्षता टाकत होते आणि मामा अंतरपाटाच्या डाव्या काठाकडे बघत होते. अंतरपाट दूर झाला, वाजंत्री वाजली, नातीनं हार घातला, मामींनी डोळे पुसले, आणि एवढ्यात भटजींनी सरावाच्या हातानं अंतरपाटाची घडी घालून ती आपल्या पिशवीत टाकली. लाखो रुपयांच्या लग्नात अंतरपाटाकडे कोण बघतो, हा त्यांचा अनुभव. मामा वऱ्हाडातून वाट काढत त्यांच्यामागे गेले. पाचच मिनिटांनी दोघं मंडपामागे बसलेले दिसले. भटजींच्या मांडीवर अंतरपाट पसरलेला होता आणि मामा त्यांना ताणा आणि बाणा यांतला फरक सांगत होते. दक्षिणा वाढवून देऊन कापड परत मिळालं, पण भटजींची पुढची दोन लग्नं उशिरा लागली.

मागावर अजून दोन मीटरभर ताणा शिल्लक होता. मावशीनं विचारलं होतं, "ह्याचं काय करायलात?" मामांनी सांगितलं, "तुमचा आहे." आता ती दुपारी जेवण आटोपून येते आणि दिवेलागणीला जाते. मामांनी नवं सूत मागवलंय, आणि या खेपेला हिशेबापेक्षा दोन गुंड्या जास्त. मावशीचा मुलगा संक्रांतीला भिवंडीहून येणार आहे. त्याला घेऊन घरी या असा मामांचा निरोप गेलाय. मामी फोनवर म्हणाल्या, की सुनेचा फ्रीज दोन हात बाजूला सरकवता येईल का, याची मावशीनं परवा तिच्याकडे चौकशी केली.